वरण पातळ आहे, प्रथिनं अपूर्ण नाहीत

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. मासे-मटण सोडणाऱ्यांनो सावधान, असा त्याचा थाट. म्हणणं थोडक्यात असं: डाळी-कडधान्यांतलं प्रोटीन ‘अपूर्ण’, त्यामुळे ते अंगी लागत नाही. लोह हवं तर पालक आणि गूळ खा. बी-१२ जीवनसत्त्व इडली-डोशातून आपोआप मिळतं. आणि रोज एवढं रांधायला नोकरी करणाऱ्याला वेळ कुठून? मी तीन वर्षांपूर्वी मासे सोडले, तेही मालवणी घरात राहून. त्यामुळे मेसेज आला की कुणीतरी मला टॅग करतंच. आता एकदाच उत्तर लिहून ठेवते.

आधी ते ‘अपूर्ण’. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. त्यांतलं लायसिन गहू-तांदळात कमी असतं, मिथिओनिन डाळींत. एकात जे कमी ते दुसऱ्यात आहे, बस. दोन्ही एकाच जेवणात जुळवून खाल्ली पाहिजेत, ही समजूत फ्रान्सिस मूर लापे या अमेरिकन लेखिकेच्या १९७१ सालच्या पुस्तकामुळे पसरली, आणि १९८१च्या आवृत्तीत बाईंनी ती स्वतःच मागे घेतली. सकाळी पोळी आणि रात्री उसळ खाल्लीत तरी शरीर हिशोब जुळवतं. मेसेज अजून १९७१ मध्येच आहे. डाळीतली प्रथिनं अंड्यातल्यांपेक्षा जरा कमी पचतात हे खरं, पण त्यावर उपाय म्हणजे थोडी जास्त डाळ.

आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. शाकाहारी झाले तेव्हा मला दुपारी चारलाच भूक लागायची. एक दिवस डाळ वजनकाट्यावर ठेवली. आमच्याकडे चार माणसांना जी वाटीभर तूरडाळ लागते ती भरली जेमतेम १०० ग्रॅम. तिच्यात प्रथिनं साधारण २२ ग्रॅम, म्हणजे माणशी साडेपाच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशीनुसार ५५ किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम लागतात. दोष डाळीचा नव्हता, डाळीत ओतलेल्या पाण्याचा होता. माशाची तुकडी ताटातून गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही; वरण होतं तेवढंच राहिलं.

आता माझा दिवस असा असतो: चार पोळ्या (१३-१४ ग्रॅम प्रथिनं), कोरडी मोजून ४० ग्रॅम मटकीची उसळ (९), तेवढ्याच डाळीचं घट्ट वरण (९), वाटीभर दही आणि कपभर दूध मिळून १०-११, मूठभर शेंगदाणे (७). पन्नासच्या आसपास जातं, पावडरचा डबा न उघडता. पनीरची गरज पडत नाही. सुरुवातीला मीही रोज पनीर आणलं होतं. खिसा हलका झाला, वजन वाढलं, आणि लोह त्यात नावालाच असतं.

लोहाकडे वळू. पालकात लोह आहे, पण ते शरीराला फार थोडं मिळतं. चमचाभर गुळात तर किती असणार? कडधान्यं, तीळ, हळीव, राजगिरा हे जास्त कामाचे, आणि सोबत काहीतरी आंबट: लिंबू, आवळा, पेरू. क जीवनसत्त्वाने वनस्पतींतलं लोह चांगलं शोषलं जातं. चहा नेमका उलटा वागतो. आपण कांदेपोह्यांवर लिंबू पिळतो आणि बशी खाली ठेवायच्या आत चहा ओढतो. चहा तासभर पुढे ढकला. (मला हे सगळ्यात जड गेलं. डाळ वाढवणं सोपं होतं.)

बी-१२ हा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि नेमका तोच मेसेजने हसण्यावारी नेलाय. बी-१२ जिवाणू तयार करतात. डाळी, भाज्या, फळं यांत ते नसतं. इडलीचं पीठ आंबतं म्हणून त्यात ते भरवशाने येतं असंही नाही. दुधात असतं, पण १०० मिलिलिटरमध्ये अर्धा मायक्रोग्रॅमही जेमतेम, आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. रोज अर्धा लिटर दूध-दही तुमच्या पोटात जातं का? पुण्यात झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०४ जणांपैकी ४७ टक्के लोकांत बी-१२ कमी सापडलं होतं. यकृतात साठा असतो, त्यामुळे आहार बदलल्यावर बराच काळ काही जाणवत नाही. मग थकवा, हातापायांना मुंग्या. माझं गेल्या वर्षी कमी निघालं. रक्त तपासा, डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. गोळी घेतली म्हणून शाकाहार हरला असं होत नाही.

राहिला वेळ. हा मुद्दा आईला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, “मग श्रावणात आपण महिनाभर उपाशी असतो की काय?” मासे खाणाऱ्या घरांना काळ्या वाटाण्याचं सांबार, वालाचं बिरडं कुणी शिकवायला नको. नवख्याने फक्त रविवारी मटकी भिजवून फडक्यात बांधावी. मोड आले की फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. राजमा तेवढा जपून: रात्रभर भिजवा, ते पाणी टाका आणि कुकरमध्ये पुरता मऊ करा. अर्धाकच्चा राजमा उलट्या-जुलाबांवर नेतो.

आणि अगदीच कंटाळा आला तर मसूरडाळ. भिजवायला नको, कुकर नको. दोन मुठी डाळ धुऊन पातेल्यात, वर दोन बोटं पाणी, हळद, हिरवी मिरची. पंधरा-वीस मिनिटांत फुटते. वरून ठेचलेल्या लसणाची खमंग फोडणी. कोकमं मात्र डाळ शिजल्यावरच टाका. आधी टाकलीत तर ती अर्धा तास उकळूनही दाताखाली येते.