माझ्या फोनमधली ॲप्स मोजायचा बँकेला काय अधिकार?

रविवारी रात्री साडेआठला आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून खाली मेडिकलमध्ये गेले, तीनशे चाळीस रुपये झाले, स्कॅन करायला बँकेचं ॲप उघडलं तर स्क्रीनभर लाल पट्टी. तुमच्या फोनमध्ये धोकादायक ॲप्स आढळली आहेत, पुढे जाण्यासाठी ती काढून टाका. आणि खाली चार नावं. एफ-ड्रॉइड, कीपास-डीएक्स, हेलीबोर्ड, ड्रिप. ओके दाबलं की ॲप बंद, परत उघडलं की परत तेच. आदल्या रात्री त्याचं अपडेट आलं होतं. शनिवारपर्यंत हीच चार ॲप्स ह्याच फोनमध्ये होती आणि ह्याच बँकेच्या ॲपवरून मी दूध, भाजी, रिक्षा, लाईट बिल सगळं भरत होते.

पर्समध्ये साठ रुपये, मागे दोघं जण उभे. मेडिकलवाले दादा ओळखीचे म्हणून "राहू द्या ताई, उद्या द्या" म्हणाले, पण मला इतकं कानकोंडं झालं की गोळ्या घेऊन खाली मान घालून घरी आले. खात्यात पगार पडलेला, पैसे माझे, आणि मला उधारीवर औषध आणायला लागतंय, का, तर बँकेला माझा हेलीबोर्ड कीबोर्ड आवडला नाही.

मी आयटीवाली नाही हे आधी सांगते, कारण हे असलं काही बोललं की लोकांना वाटतं ही कोणीतरी हॅकर आहे. मी ठाण्याला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, डोंबिवलीत राहते, फोन साधा सोळा हजारांचा, त्यात रूट वगैरे, म्हणजे फोनचं कुलूप तोडून आत ढवळाढवळ, काहीही केलेलं नाही. फक्त दोन वर्षांपूर्वी एकदा बसून एकेक ॲप बदलत गेले. सुरुवात झाली पाळीची नोंद ठेवायच्या ॲपपासून. तेव्हा फ्लो नावाच्या ॲपबद्दल वाचलं होतं, जगभरात १० कोटींहून जास्त बायका वापरत होत्या, माहिती गुप्त ठेवू म्हणून सांगितलेलं, आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं की ही माहिती फेसबुक, गूगल आणि अशाच ॲनालिटिक्सवाल्यांकडे जात होती. कधी पाळी आली, कधी मूल व्हावं म्हणून प्रयत्न चाललेत, असली माहिती. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने त्याच प्रकरणात फेसबुकवाल्या मेटाला दोषी धरलं. मी मात्र आधीची बातमी वाचून त्याच रात्री माझ्या फोनमधलं असलंच एक ॲप काढलं आणि ड्रिप घेतलं. बर्लिनच्या लोकांनी बनवलंय, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचू शकतो, सगळ्या नोंदी फोनमध्येच राहतात, अकाउंट नाही, ईमेल नाही, जाहिरात नाही.

मग कीबोर्ड. आपण जे काही टाइप करतो, पासवर्ड, मैत्रिणीला लिहिलेलं दुखणं, डॉक्टरचं नाव, सगळं आधी कीबोर्डमधून जातं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. हेलीबोर्ड इंटरनेटची परवानगीच मागत नाही, म्हणजे बाहेर पाठवायचं म्हटलं तरी त्याला पाठवता येणार नाही. मराठीसाठी सोपा नाहीये तो, आधीच्या कीबोर्डवर इंग्रजीत नमस्कार लिहिलं की आपोआप देवनागरी व्हायचं तसं इथे होत नाही, अक्षरं स्वतः शोधायला लागतात, पहिला महिनाभर एकेका मेसेजला पाच मिनिटं लागायची. तरी केली सवय, कारण मला ते पटलं होतं. कीपास-डीएक्सचंही तेच, पासवर्डची एक कुलूपबंद फाइल, फोनमध्येच, इंटरनेटची परवानगी नाही. आणि हे सगळं एफ-ड्रॉइड नावाच्या ॲप स्टोअरवरून, जे २०१० पासून चालू आहे, जिथे ॲप बनवणाऱ्याने दिलेली तयार फाइल तशीच पुढे ढकलत नाहीत, सोर्स कोड घेऊन बहुतेक ॲप्स ते स्वतः बिल्ड करतात, आणि एखाद्या ॲपमध्ये ट्रॅकिंग किंवा जाहिराती असतील तर त्या ॲपच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. ह्या चौघांना माझी बँक धोकादायक म्हणते.

सोमवारी हाफ डे टाकून शाखेत गेले. तिथला पुढचा प्रकार आठवला की आत्ताही अंगावर काटा येतो. काउंटरवरच्या मुलाने, मुलगा चांगला होता, उद्धट अजिबात नव्हता, फोन हातात घेतला आणि ती यादी मोठ्याने वाचायला लागला. "एफ-ड्रॉइड... कीपास... हे ड्रिप काय आहे मॅडम? गेम आहे का?" माझ्यामागे पासबुक भरायला सात-आठ जण, त्यात आमच्या बिल्डिंगमधले एक काका. मी काय उत्तर देणार? माझं पर्सनल ॲप आहे म्हटलं. तर तो "नाही, पण कशासाठी असतं, सिस्टीम रिस्की दाखवतेय ना". मी परत तेच म्हटलं, पर्सनल आहे. त्याने खांदे उडवले, "मग सगळी डिलीट करा, लगेच चालू होईल". फोन परत दिला आणि पुढचा माणूस घेतला. म्हणजे माझे पैसे मला वापरायचे असतील तर मी पाळीची नोंद कशात ठेवते ते बँकेच्या काउंटरवर समजावून सांगायचं. पाळीची तारीख मी माझ्या सख्ख्या भावाला सांगत नाही. मान्य आहे की बँकेला तारखा दिसत नाहीत, ॲप आहे एवढंच दिसतं, पण तेवढं तरी का दिसावं? उद्या कुणाच्या फोनमध्ये एचआयव्हीच्या औषधांची आठवण करून देणारं ॲप असेल, कुणाच्या फोनमध्ये दारू सोडणाऱ्यांचं असेल, कुणाचं लग्न जुळवायचं असेल, कुणाचं दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेचं असेल, फक्त ॲप्सची यादी बघून माणूस कळतो की!

हे बँकेला कसं कळतं ते मी शोधून काढलं. २०२० ला अँड्रॉइड ११ आलं तेव्हापासून एका ॲपला दुसरी ॲप्स सरसकट दिसत नाहीत, चांगला बदल होता तो. पण त्यात दोन वाटा ठेवल्यात, एक म्हणजे जी ॲप्स बघायचीत त्यांची नावं आधीच आपल्या ॲपमध्ये लिहून ठेवायची, आणि दुसरी म्हणजे सगळी यादी बघायची खास परवानगी घ्यायची, जी बँका सुरक्षेचं कारण देऊन गूगलकडून मिळवू शकतात. आणि ही परवानगी कॅमेरा किंवा काँटॅक्टसारखी आपल्याला विचारून घेतली जात नाही, अलाऊ-डोन्ट अलाऊ काही नाही, सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची सोय नाही. शिवाय कुठलं ॲप कोणत्या स्टोअरमधून आलं याचीही नोंद अँड्रॉइडकडे असते. प्ले स्टोअर नाही, म्हणजे रिस्की. झाली त्यांची तपासणी. त्या ॲपला कसल्या परवानग्या आहेत, ते एसएमएस वाचतं का, स्क्रीन बघतं का, काही बघायचं नाही, फक्त कुठल्या दुकानातून आणलंस ते सांग.

आमचा मामेभाऊ म्हणाला अगं मग तीच ॲप्स प्ले स्टोअरवरून घे की, कीपास आणि ड्रिप तिथेही आहेत. बरोबर आहे, आहेत. पण मग तेच ॲप, त्याच लोकांनी लिहिलेला तोच कोड, एका स्टोअरमधून आलं की सुरक्षित आणि दुसऱ्यातून आलं की धोकादायक, ह्यात सुरक्षा कुठे आली? आणि तिथून घ्यायचं म्हणजे गूगल अकाउंटला जोडून घ्यायचं, म्हणजे ज्या नोंदीपासून मी लांब पळतेय ती परत तयार होणार. ते मला नकोय म्हणून तर एवढी खटपट केली.

आणि प्ले स्टोअरवर असलं की सुरक्षित हे कोणी सांगितलं ह्यांना? त्या झटपट कर्जवाल्या ॲप्सनी किती लोकांचा जीव नकोसा केला, काँटॅक्ट लिस्ट उचलायची, फोटो मॉर्फ करून नातेवाईकांना पाठवायचे, लोकांनी आत्महत्या केल्या त्यापायी. ती ॲप्स कुठून डाउनलोड झाली होती? गूगलनेच सांगितलंय की एकट्या २०२२ सालात भारतातल्या ३५०० हून जास्त कर्जवाल्या ॲप्सवर कारवाई केली. प्ले स्टोअरवरच्या ॲप्सवर. तेव्हा रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम काढला की कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या फाइल्स, काँटॅक्ट, कॉल लॉग ह्यांना हात लावायचा नाही. ते नियम वाचून मला बरं वाटलं होतं, वाटलं कोणीतरी आहे आपल्या बाजूने.

फसवणूक होत नाही असं मी म्हणत नाहीये. आमच्याच विंगमधल्या एका काकांना लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली, त्यांनी दाबली, एसएमएसची परवानगी दिली आणि ओटीपी परस्पर जाऊन एक लाख ऐंशी हजार गेले. आरटीओचं चलान म्हणून येणाऱ्या फाइलीही तशाच. हे थांबवायलाच पाहिजे, बँकेने जे करायचं ते करावं, एसएमएस वाचणारं अनोळखी ॲप दिसलं तर अडवावं, स्क्रीन शेअर चालू असेल तर व्यवहार थांबवावा, मोठी रक्कम असेल तर फोन करून विचारावं. पण ज्या ॲपला इंटरनेटच नाही ते माझा ओटीपी कुणाला आणि कसा पाठवणार? मी माझे पासवर्ड कुलपात ठेवते, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवते, बँका स्वतःच दर आठवड्याला एसएमएस पाठवून जे करा म्हणतात ते मी करते, आणि ते कुलूपच काढून टाका म्हणून मला अडवतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

घरी ह्यावर सहानुभूती शून्य. आई म्हणते बाई गं काढून टाक ना ते, कशाला डोक्याला ताप. दादा म्हणतो तुझं असं काय एवढं लपवण्यासारखं आहे. लपवण्यासारखं नाहीये रे, माझं आहे, एवढंच. तू तुझा पगार ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगतोस का? नाही ना. मग तुझं काय लपवायचंय असं तुला कोणी विचारलं का कधी? २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय की संमती मोकळेपणाने, कसलीही अट न घालता दिलेली पाहिजे आणि कामापुरतीच माहिती घेतली पाहिजे. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने ठेवलेत. तोपर्यंत माझ्यासारखीने काय करायचं? ॲप काढ नाहीतर पैसे विसर, ही कसली मोकळी संमती? आणि यूपीआयचं असं आहे की ते चालवणाऱ्या एनपीसीआय संस्थेने मान्यता दिलेलं ॲपच वापरायला लागतं, त्यामुळे मला पटेल असं ओपन सोर्स ॲप निवडीन म्हटलं तरी तो मार्ग नाही. दुसरी बँक घे म्हणतात लोक, पगाराचं खातं ऑफिसने काढलेलं आहे, मी कुठे बदलू.

वर आता गूगलचं ते नवीन. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय की प्ले स्टोअरच्या बाहेरून येणाऱ्या ॲपच्या डेव्हलपरनेही गूगलकडे आपली ओळख नोंदवायला पाहिजे, नाहीतर नेहमीच्या अँड्रॉइड फोनवर ते सरळ इन्स्टॉल होणार नाही. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, मग २०२७ पासून बाकीच्या जगात. ओरड झाल्यावर जाणकार लोकांसाठी वेगळी वाट ठेवू म्हणालेत. मी जाणकार आहे का? मी अकाउंट्सवाली आहे, मला हे सगळं जमलं कारण ते आतापर्यंत चार बटणं दाबून जमत होतं. एफ-ड्रॉइडवाल्यांनी उघड सांगितलंय की हे असंच आलं तर त्यांचं काम आज आहे तसं चालू राहणार नाही. कुणीतरी संध्याकाळी नोकरीवरून येऊन फुकटात माझ्यासाठी पाळीची नोंद ठेवायचं ॲप लिहितं, आणि त्यांनी आता सरकारी ओळखपत्र गूगलला दाखवायचं. डोकं फिरतं माझं.

ॲप्स मी काढलेली नाहीत. सध्या महिन्याचा किराणा, दूध, मेडिकल सगळं कॅशमध्ये चाललंय, दर शनिवारी एटीएमच्या लाइनीत उभी राहते, लाईट बिल बाबांच्या फोनवरून भरते आणि त्यांना पैसे हातात देते. रिक्षावाल्यांशी सुट्ट्यावरून रोजची भांडणं. बँकेकडे लेखी तक्रार टाकली, दोनच प्रश्न विचारले, माझ्या फोनमधल्या ॲप्सची यादी तुम्ही कुठे ठेवता आणि ड्रिपमध्ये नेमका कोणता धोका सापडला. नऊ दिवसांनी उत्तर आलं, "कृपया धोकादायक ॲप्स अनइन्स्टॉल करून पुन्हा प्रयत्न करा." प्रश्न वाचलाच नाही. मी तोच मेल परत पाठवलाय, खाली लिहिलंय की तीस दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. तीस दिवस येत्या एकोणीस तारखेला पूर्ण होतात, फॉर्म मी भरून ठेवलाय, त्यात त्या लाल पट्टीचा फोटो आणि सोमवारच्या हाफ डेची नोंद दोन्ही जोडलंय.