पहिल्या फेरीचं नाव नको, पाचव्या फेरीचं बोला

एप्रिल जवळ आला की आमच्या बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर, मुलांच्या प्रॅक्टिसला मैदानाकडेला उभं असताना, सगळीकडे एकच विषय: आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ नाइनर्स यंदाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, कुणाला घेणार? प्रत्येक जण एक नाव ठोकून सांगतो. ते नाव त्यानं सकाळीच कुठल्या तरी मॉक ड्राफ्टमध्ये (कोण कुणाला घेईल याच्या अंदाजी यादीत) वाचलेलं असतं, आणि तो मॉक ड्राफ्ट लिहिणाऱ्यानं आदल्या दिवशी दुसऱ्याच्या मॉक ड्राफ्टमध्ये. मला हे मनापासून खटकतं. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्ससारख्या संघाचा अंदाज उसन्या नावावर बांधायचा नसतो. कुणाचा करार कधी संपतोय, कुणाचं वय किती झालंय, पैसे कुठे अडकलेत, हे मांडून तो बांधायचा असतो. आणि तोही पहिल्या फेरीपेक्षा तिसऱ्या-पाचव्या फेरीचा.

तिकडे पुण्या-मुंबईतून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. आयपीएलच्या लिलावात ज्याच्या थैलीत पैसे तो बोली चढवतो. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. ३२ संघ, ७ फेऱ्या, कॉलेजातून येणारी पोरं, आणि गेल्या हंगामात जो संघ सगळ्यांत वाईट खेळला त्याचा नंबर पहिला. कोण कितव्या नंबरवर निवडला गेला यावरून त्याचा चार वर्षांचा पगार जवळपास ठरूनच येतो. संघ एकमेकांत हे नंबर बदलू शकतात, अगदी पुढच्या वर्षांचेसुद्धा. आणि सगळ्या खेळाडूंचा मिळून पगार किती द्यायचा याला कॅप असते. म्हणजे स्वस्तात मिळालेला चांगला पोरगा हीच खरी कमाई.

आता २०२१ घ्या. २६ मार्चला नाइनर्सनी मायामीला आपला १२वा नंबर, २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीचे नंबर आणि वर तिसऱ्या फेरीचा एक असं सगळं देऊन तिसरा नंबर घेतला. क्वार्टरबॅकसाठीच, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूसाठीच घेतला, हे उघड होतं. मग महिनाभर एकच घोष चालला: अलाबामाचा मॅक जोन्स. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उचललं, शेवटी ती जणू पक्की बातमीच झाली. ड्राफ्टच्या रात्री नाव पुकारलं गेलं ट्रे लान्सचं, नॉर्थ डकोटा स्टेटचा पोरगा, ज्याचा कॉलेजातला पूर्ण हंगाम एकच होता. मॅक जोन्स १५व्या नंबरवर न्यू इंग्लंडला गेला. पुढे लान्सचा घोटा मोडला, नाइनर्सकडून तो जेमतेम चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका नंबरवर डॅलसला गेला.

मग संघाला क्वार्टरबॅक कुठून मिळाला? २०२२ च्या ड्राफ्टच्या अगदी शेवटी, २६२व्या नंबरवर. सगळ्यांत शेवटच्या नंबरवर ज्याचं नाव येतं त्याला ‘मिस्टर इरिलेव्हंट’ म्हणायची इथे पद्धत आहे. ब्रॉक पर्डी आयोवा स्टेटकडून चार वर्षं खेळला होता, दबावाखाली चेंडू लवकर सोडायची सवय त्याला कॉलेजातच लागली होती. प्रशिक्षक काइल शॅनहनच्या आक्रमणाला नेमकं तेच लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचा क्वार्टरबॅक जिमी गॅरोपोलोचा पाय मोडला, पर्डी मैदानात आला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये संघ सुपर बोलमध्ये होता. ओव्हरटाइममध्ये कॅन्सस सिटीकडून २५-२२ असा हरलो, ते अजून टोचतं. पण संघ तिथवर कशाच्या जोरावर गेला ते बघा. पर्डीचा चार वर्षांचा सगळा करार मिळून सुमारे ३७ लाख डॉलरचा. क्वार्टरबॅकवर वाचलेल्या त्या पैशांतून बाकीचे महागडे तारे टिकले.

पर्डी एकटा असता तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण जॉर्ज किटल २०१७ चा, पाचवी फेरी, १४६वा. कॉलेजात त्याच्याकडे चेंडू फारसा यायचाच नाही, पण तो ब्लॉकिंग (समोरच्याला अडवणं) भन्नाट करायचा. शॅनहनच्या धावण्यावर उभ्या असलेल्या खेळात टाइट एंडनं, म्हणजे किटलच्या जागेवरच्या खेळाडूनं, आधी समोरच्याला ढकलायचं असतं, चेंडू नंतर. ज्यानं संघ नीट पाहिला होता त्याला किटल पटायला हवा होता. दुसऱ्याच हंगामात त्यानं १,३७७ यार्ड काढले, टाइट एंडसाठी तेव्हाचा विक्रम. टलानोआ हुफांगा २०२१ ची पाचवी फेरी. ड्रे ग्रीनलॉ २०१९ ची पाचवी फेरी, १४८वा. त्याच वर्षी २९ डिसेंबरला सिएटलमध्ये, शेवटचे काही सेकंद, चौथा डाउन (आक्रमणाचा शेवटचा प्रयत्न), सिएटलच्या हॉलिस्टरनं चेंडू पकडला आणि गोल लाइनकडे झेपावला. ग्रीनलॉनं त्याला असा धरला की चेंडू रेषेच्या काही इंच अलीकडे राहिला. २६-२१. त्या काही इंचांवर नाइनर्सना कॉन्फरन्समधलं पहिलं स्थान मिळालं, आणि प्लेऑफचे सामने घरच्या मैदानावर आले. एप्रिलमध्ये त्याच्या निवडीवर कुणी चार ओळी तरी लिहिल्या होत्या का?

आणखी एक हट्ट. दर वर्षी मॉक ड्राफ्टवाले नाइनर्सच्या पहिल्या फेरीत ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे भिंत करून उभा राहणारा माणूस बसवतात. कारण काय, तर त्या लाइनमधला ट्रेंट विल्यम्स म्हातारा झाला. अहो, पण जनरल मॅनेजर जॉन लिंच आणि शॅनहन २०१७ मध्ये आल्यापासून संघ काय करतोय ते तरी बघा! २०१८ मध्ये नवव्या नंबरवर मॅकग्लिन्ची घेतला, त्यानंतर पुढच्या सात ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत ऑफेन्सिव्ह लाइनमन नाही. खुद्द विल्यम्स वॉशिंग्टनकडून ट्रेडमध्ये आला. २०२४ मध्ये पुन्हा तोच गजर झाला आणि संघानं ३१व्या नंबरवर घेतला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा), फ्लोरिडाचा रिकी पिअर्सॉल. लोक चिडले. चिडण्यासारखं काय होतं? संघाचा रिसीव्हर ब्रँडन आयुकचा करार शेवटच्या वर्षात होता आणि वाटाघाटी अडल्या होत्या, दुसरा रिसीव्हर डीबो सॅम्युएल संघाला महाग पडत होता. पुढच्या मार्चमध्ये डीबो वॉशिंग्टनला गेलासुद्धा. आणि लाइनचा माणूस? तो त्याच ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत आला, कॅन्ससचा डॉमिनिक पुनी, ८६वा. पहिल्याच हंगामात १७ च्या १७ सामने सुरुवातीपासून खेळला.

मी आणि माझी मुलगी गेली काही वर्षं हे कागदावर करतो. चार रकाने: खेळाडू, वय, करार संपण्याचं साल, पुढच्या वर्षीचा कॅपवरचा बोजा. जिथे वय तिशीपार आणि करार दोन वर्षांत संपणारा, तिथे ती लाल पेनानं गोल करते. नावं आम्ही लिहीतच नाही, फक्त जागा लिहितो. २०२५ चा कागद बघितला असता तर कुणालाही कळलं असतं. पर्डीचा मोठा करार दारात होता (मे महिन्यात झालाच, पाच वर्षं, साडेसव्वीस कोटी डॉलर), त्यासाठी मार्चमध्ये हुफांगा, ग्रीनलॉ, वॉर्ड, हारग्रेव्ह, फ्लॉइड, मलीक कॉलिन्स असा अख्खा बचाव रिकामा केलेला, आणि बचावाचा प्रशिक्षक रॉबर्ट सालेह परत आलेला. नाइनर्सच्या पहिल्या पाचही निवडी बचावाच्या निघाल्या. ११व्या नंबरवर मायकेल विल्यम्स, मग अल्फ्रेड कॉलिन्स, निक मार्टिन, अप्टन स्टाउट, सीजे वेस्ट.

हा कागद माणूस सांगत नाही, तेही खरं. २०२३ मध्ये किकर (चेंडू लाथेनं मारून गुण मिळवणारा) रॉबी गोल्डचा करार संपला होता, म्हणजे किकर लागणार हे दिसत होतं. संघानं तिसऱ्या फेरीत, ९९व्या नंबरवर जेक मूडी घेतला. किकरवर एवढा वरचा नंबर घालवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला सोडूनच दिलं. गरज बरोबर, माणूस चुकला. तो दोष लिंच आणि शॅनहनचा, आणि त्यांना तो विचारलाच पाहिजे. पण प्रश्न विचारायचा तर गरज काय होती हे आधी ठाऊक असावं लागतं, आणि ‘आमच्या मॉकमध्ये हा नव्हता’ एवढ्यावर बावीस वर्षांच्या पोराला त्याच रात्री ‘वाया गेलेला पिक’ म्हणणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. पिअर्सॉलला हेच ऐकावं लागलं. चार महिन्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत भर दिवसा लुटायला आलेल्यानं त्याच्या छातीत गोळी मारली, आणि ऑक्टोबरमध्ये हा पोरगा मैदानात उभा होता. त्याला तरी निदान नीट बोला.

पर्डी आता स्वस्त राहिलेला नाही. त्यामुळे यापुढे तिसऱ्या दिवशीची, शनिवारची पोरं पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहेत, आणि आपली मंडळी नेमका शनिवारीच टीव्ही बंद करतात. यंदा कमेंटमध्ये मला पहिल्या फेरीचं नाव देऊ नका. चौथ्या ते सातव्या फेरीत कुठली जागा भरतील ते लिहा, आणि कुणाचा करार संपतोय म्हणून, तेही सोबत लिहा. आमचा कागद गुरुवारी पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी इथेच टाकते.