इंदोरी सायलेन्सर

भाच्याने इंदूरहून तीन क्लिपा पाठवल्या. तीन मित्रांच्या तीन बुलेट, तिघींना वेगवेगळे सायलेन्सर: एक शॉर्ट बॉटल म्हणजे आखूड बाटलीसारखा, एक ग्लासवूलवाला म्हणजे आत काचेची लोकर भरलेला, आणि एक तो, जो महाराष्ट्रातली दुकानं ‘इंदोरी’ म्हणून विकतात. खाली प्रश्न: ‘मामा, ऐकून सांग ना, कोणता लावू?’ मी इथे स्टुटगार्टजवळच्या माझ्या स्वयंपाकघरात हेडफोन लावून तिन्ही ऐकल्या. तिन्ही सारख्याच जोराच्या. समोरचा आवाज वाढला की फोनचा माइक स्वतःला आवरतो, त्यामुळे क्लिपमध्ये आवाजाचा पोत कळतो, जोर कळत नाही. आणि भाच्याला निवडायचा होता तो जोरच.

त्याआधी आठवडाभर घरच्या ग्रुपवर हाच विषय पेटलेला होता. त्याच्या एका मित्राची बुलेट पोलिसांनी चौकात अडवली आणि सायलेन्सर काढून घेतला, तिथून सुरुवात. ताई म्हणाली, बरं झालं. धाकटे काका म्हणाले, आधी लग्नातले डीजे आणि बसचे प्रेशर हॉर्न बंद करा, मग पोरांच्या मागे लागा. भाच्याचं म्हणणं, कंपनीचा सायलेन्सर ठेवला तर खाली बुलेट आहे की मोपेड ते कळत नाही. शेवटी सगळे माझ्याकडे वळले, कारण मी जर्मनीत राहतो आणि तिथे म्हणे सगळं शांत असतं.

कसलं शांत! उन्हाळ्यातल्या रविवारी आमच्या मागच्या डोंगरातल्या घाटात जाऊन उभं राहावं. मे २०२० मध्ये इथल्या राज्यांच्या सभागृहाने, बुंडेसराटने, मोटारसायकलींचा आवाज कुठल्याही परिस्थितीत ८० डेसिबलच्या वर जाऊ नये आणि काही रस्त्यांवर रविवारी-सुटीच्या दिवशी त्यांना बंदी घालता यावी, असा ठराव केला. जुलैमध्ये हजारो मोटारसायकलवाले निषेध म्हणून रस्त्यावर उतरले. त्यांची वाक्यं आमच्या काकांच्या वाक्यांसारखीच होती: आम्हीच का? शेजारच्या ऑस्ट्रियात टिरोल प्रांताने त्याच उन्हाळ्यात काही घाटरस्त्यांवर ९५ डेसिबलच्या वरच्या मोटारसायकलींना बंदीच घातली. तुम्ही किती हळू चालवता याच्याशी तिथे देणंघेणं नाही, कागदावर आकडा काय आहे तेवढं बघतात.

हा कागदावरचा आकडा मात्र मला पटलेला आहे, आणि तोही स्वतः तोंडावर आपटल्यावर. इथे प्रत्येक मोटारसायकलच्या नोंदणीपत्रात यू-१ नावाचा एक रकाना असतो. त्यात गाडी उभी असताना तिचा आवाज किती डेसिबल असावा ते लिहिलेलं असतं आणि किती आरपीएमला मोजायचा ते शेजारच्या रकान्यात. काही वर्षांपूर्वी मी एक जुनी जपानी गाडी सेकंडहँड घेतली. पहिल्याच महिन्यात घाटाच्या पायथ्याशी पोलिसांनी हात दाखवला. एकाने छोट्या स्टँडवर माइक लावला, टेप काढून सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर मोजलं, पंचेचाळीस अंशांचा कोन धरला आणि मला आरपीएम कागदावरच्या आकड्यावर धरून ठेवायला सांगितलं. कागदावर ९१, यंत्रावर १०३. त्याने वाकून टॉर्च मारला. आधीच्या मालकाने डीबी-किलर काढून टाकला होता. डीबी-किलर म्हणजे सायलेन्सरच्या तोंडात एका स्क्रूवर बसणारी, भोकाभोकांची छोटी नळी. ‘मी अशीच घेतली हो’ या माझ्या वाक्याला इथे काही किंमत नाही, चालवतो त्याची जबाबदारी. गाडी तिथेच सोडून मी बसने घरी आलो. बारा डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात. पण दर दहा डेसिबलला कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे मी महिनाभर दुपटीहून जास्त बोंबलत फिरत होतो आणि मला ती ‘दमदार’ वाटत होती.

सगळ्या प्रकरणात कुणी आवाज चढवला नाही. मी कुणाचा कोण, माझे केस किती वाढलेत, हे प्रश्न आलेच नाहीत. आकड्यावर सुरू झालं, आकड्यावर संपलं.

आपल्याकडेही आकडा आहे. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला ८० डेसिबल, तोही गाडी साडेसात मीटरवरून जाताना मोजलेला. कंपनी तो मोजते, गाडी विकताना देतात त्या फॉर्म २२ मध्ये छापते, आणि तो कागद त्यानंतर कुणी उघडत नाही. आरसीवर आकडा नाही, त्यामुळे चौकातला शिपाई कानाने आणि डोळ्याने ठरवतो: सायलेन्सर कंपनीचा दिसत नाही ना, मग काढ. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे. जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतानाचे फोटो पेपरात छान येतात. पण चांगल्या ग्लासवूलचा, कंपनीच्यापेक्षा जेमतेम मोठा सायलेन्सर आणि आतले पडदे काढलेली पुंगळी, दोन्ही त्या रोलरखाली एकाच रांगेत. इथे भाचा चिडतो ते बरोबर चिडतो.

बाकी त्याचं मला पटत नाही. ‘ट्रकवाल्याला ऐकू येतं, म्हणून जीव वाचतो’ हे त्याचं लाडकं वाक्य. अरे बाबा, सायलेन्सरचं तोंड मागे आहे, धोका बहुतेक वेळा समोरून आणि चौकात आडवा येतो. आणि आवाज करायला म्हणून हॉर्न दिलेलाच आहे, इंदूरमध्ये तो वाजवायला कुणाला शिकवावं लागत नाही. ‘पिकअप वाढतो’ हे दुसरं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला, पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या ईसीयूला, म्हणजे तिच्या कॉम्प्युटरला, हात न लावता, नुसता मागचा डबा बदलून जो काही फरक पडतो तो कानालाच पडतो.

काकांच्या डीजेचं तेवढं वेगळं. वरात निदान संपते. रंगपंचमीला गेरच्या मिरवणुकीत राजवाड्यावर कानठळ्या बसतात, पण ते वर्षातून एकदा आणि सगळ्यांनी मिळून. रात्री साडेअकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत खाऊन परतताना एमवाय हॉस्पिटलच्या भिंतीला घासून फट्-फट् करत जाणारा एकटा असतो. तो फटाकाही आपसूक होत नाही. चालत्या गाडीत चावी बंद-चालू करतात, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची त्यात वाट लागते ते निराळंच.

मी भाच्याला लिहिलं: बुलेटचा ठोका मलाही आवडतो. एकच सिलिंडर, दोन फेऱ्यांत एक स्फोट, आयडलला सेकंदाला आठेक ठोके. इतका जाडा आवाज भिंतीतून आणि बंद खिडकीतून आत येतो. त्याला दाबायला सायलेन्सरच्या पोटात जागा लागते, ती शॉर्ट बॉटलमध्ये नाहीच. ग्लासवूल चिरका आवाज चांगला खातं, जाडा कमी, आणि ते हळूहळू जळून उडून जातं, म्हणजे आज लावलेला सायलेन्सर वर्षादीड वर्षाने आणखी ओरडणार. आणि तू ज्या सीटवर बसून निवडतोयस, तिथून मागच्यांना किती आवाज जातो ते कळत नाही, कारण सायलेन्सरचं तोंड तुझ्या मागे असतं. तेव्हा मित्रांना गाड्या घेऊन रामबागेत, आपल्या गल्लीत एकेक फेरी मारायला सांग. तू आजीच्या खोलीत पलंगावर पड. रात्री नको, दुपारी अडीचला, आजी लवंडते तेव्हा.

‘जर्मनीत बसून सोपं आहे,’ असं ताईने मध्येच टाकलं. आहे खरं.

पण त्याने केलं. दोन दिवसांनी फोन आला. इंदोरीवाला गल्लीत वळला तेव्हाच मांडणीवरचे स्टीलचे पेले किणकिणायला लागले आणि आजीने डोळे न उघडता विचारलं, ‘टँकर आला का रे?’ शॉर्ट बॉटलला ती उठून बसली. मग भाच्याला तिने जे सुनावलं ते त्याने मला पूर्ण सांगितलं नाही.

‘आणि तिसरा? ग्लासवूलवाला?’

‘तो मित्र उशिरा आला ना मामा. तोवर आजी देवळात गेली होती. मग मी तोच बुक केला.’