केंदामासाठी साग का नको म्हटले, आणि तुमच्या चौकटीचे काय करावे

सप्रेम नमस्कार.

आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. केंदामा म्हणजे दोरीने बांधलेला भोकाचा चेंडू दांड्यावरच्या वाट्यांत किंवा दांड्याच्या टोकावर झेलण्याचे जपानी लाकडी खेळणे; त्यासाठी बीच या परदेशी झाडाचे लाकूड सर्वोत्तम असे मी लिहिले आणि सागाला एका वाक्यात बाजूला सारले, हा आपला पहिला आक्षेप आहे. खेळणे मुलांच्या हातून फरशीवर आपटणारच, तेव्हा जे लाकूड सर्वांत कठीण तेच उत्तम, म्हणजे साग किंवा शिसव, हे आपले म्हणणे. नौपाड्यातील आपल्या जुन्या घराची सागवानी चौकट जपून ठेवली असून तिच्यातून नातवासाठी केंदामा करून घ्यायचा आहे, हेही आपण लिहिले आहे. एवढ्या आस्थेने विचारलेल्या प्रश्नाला माझ्या लेखातील ते एक वाक्य पुरेसे नव्हते, हे मला मान्य आहे.

प्रथम कठीणपणाविषयी. केंदामाचा चेंडू झेलला जातो तेव्हा लाकडावर लाकूड आदळते. दोन्ही पृष्ठभाग फार कठीण आणि गुळगुळीत असतील तर चेंडू वाटीत टेकून पुन्हा उसळतो किंवा कडेवरून निसटतो. लाकूड किंचित दबणारे असेल तर तो बसतो. खेळून खेळून वाट्यांच्या कडा थोड्या झिजलेला केंदामा नव्यापेक्षा हाताला सोपा वाटतो, त्याचेही कारण हेच आहे. त्यामुळे कठीणपणा एका मर्यादेपर्यंतच उपकारक ठरतो.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ती माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. प्रचलित केंदामाचा चेंडू सुमारे 60 मिलिमीटर व्यासाचा असतो. अशा गोळ्याचे घनफळ 113 घन सेंटिमीटर भरते, आणि टोकासाठीचे भोक वजा केले की साधारण 100 उरते. बीचची घनता घन सेंटिमीटरला 0.72 ग्रॅमच्या आसपास असल्याने चेंडू 72 ग्रॅमचा होतो, सागाचा 65 चा आणि शिसवीचा 80 च्या वर जातो. आकडे जवळचे दिसतात, परंतु मनगटाला आणि दोरीला हा फरक लगेच कळतो. हलका चेंडू दोरीच्या हिसक्याने लवकर गिरकी घेतो आणि भोक टोकासमोर स्थिर राहत नाही. जड चेंडू संथ फिरतो, मात्र लहान मुलाचा हात पाच मिनिटांत थकवतो आणि बोटांवर बसला तर चांगलाच लागतो. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी शिसवीचा चेंडू मी कधीही सुचवणार नाही.

आता सागाकडे येतो. त्याच्या टिकाऊपणाबद्दल माझ्या मनात शंका नाही. वाळवी, ओल आणि ऊन यांना तो जसा तोंड देतो तसे बीच कधीच देणार नाही. अडचण दांड्याच्या टोकाची आहे. हे टोक निमुळते होत जाते आणि चेंडू चुकला की त्याच्या भोकाची कड नेमकी तिथेच आदळते. साग रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या धाग्यांच्या, दिशेने सहज फाटतो, त्याची छिद्रे वर्तुळाकार पट्ट्यांत मोठी असतात, आणि टोकाशी आडवी गेलेली एखादी रेषा असली तर तिथून ढलपी निघते. बीच किंवा मेपल यांची छिद्रे बारीक आणि सर्वत्र सारखी विखुरलेली असल्याने टोक चेपते, पण सहसा तडकत नाही. हा सगळा खुलासा मूळ लेखात असायला हवा होता.

आपल्या प्रतिक्रियेमुळे लेखातली आणखी एक उणीव माझ्या लक्षात आली. मी बीचची शिफारस केली ती कोरड्या हवेचा विचार करून. बीच हे दमट हवेत फार फुगणारे लाकूड आहे, शिवाय ते वाढीच्या वलयांच्या दिशेने जितके फुगते त्याच्या जवळपास निम्मेच गाभ्याच्या दिशेने फुगते, म्हणून गोल भोक अंडाकृती होते. नेरूळला खाडीकडच्या खिडकीत ठेवलेल्या माझ्या केंदामाचे टोक जुलैत भोकात अडकू लागले आणि दिवाळीनंतर पुन्हा सैल झाले. ठाण्यात, नवी मुंबईत बीच घ्यायचाच तर वाट्यांसह सर्व उघड्या भागांवर तेलाचा हात द्यावा आणि पावसाळ्यात तो कपाटात ठेवावा. या बाबतीत साग निर्विवाद सरस आहे, कारण तो हवेप्रमाणे फार कमी फुगतो आणि आकसतो.

म्हणून एकाच लाकडाचा आग्रह सोडून चेंडू आणि दांडा यांचा वेगळा विचार करणे मला आता अधिक योग्य वाटते. आपल्या चौकटीतून चेंडू जरूर करावा. गोळ्याला सागाचे फाटणे तितके बाधत नाही, जुने लाकूड पुरते मुरलेले असल्याने भोक गोल राहील, आणि 65 ग्रॅम वजन नातवाच्या हाताला सोसवेल; फक्त भोकाची कड धारदार न ठेवता काताऱ्याकडून, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिराकडून, किंचित गोलवून घ्यावी. दांडा आणि वाट्या मात्र हेदाच्या घ्याव्यात. हेद, ज्याला हळदूही म्हणतात, बारीक व एकसारख्या पोताचा असून कातकामाला उत्तम मानला जातो. पूर्वी गिरण्यांच्या बॉबिनी त्याच्या होत. तो मिळाला नाही तर नीट सुकवलेली बाभूळ चालेल. जिने बैलगाडीची चाके पेलली ती हे टोकही पेलेल, पण कच्ची बाभूळ तडकते आणि पोखरली जाते, हे वखारीत आधीच विचारून घ्यावे. दांड्याच्या तुकड्यावरील रेषा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ जाते ना, एवढे स्वतः पाहावे.

चौकट कापण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. ती अडीच इंची असेल तर रंधल्यावर 60 मिलिमीटरचा गोळा निघणार नाही, तीन इंची लागेल. आणि बिजागऱ्यांच्या जागी मोडून राहिलेले खिळे व स्क्रू असतात, ते लोहचुंबक फिरवून शोधावेत. लेथवर फिरत्या लाकडातला एक खिळा कातण्याचे हत्यार तर मोडतोच, पण कातारी समोरच उभा असतो.