शेजारी रिग लागली म्हणजे घरबसल्या चेक? जरा थांबा

माझा एक मावसभाऊ पुण्यातून मला टेक्ससच्या बातम्या पाठवत असतो. मी इथेच राहतो, याचा त्याला विसर पडतो. परवा त्याने पाठवलेला मजकूर तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल: ‘अमेरिकेत जमीन तुमची तर खालचं तेलही तुमचं. शेजारी रिग लागली की कंपनी दर महिन्याला चेक पाठवते, आयुष्यभर. आणि आपल्याकडे? सगळं सरकारच्या घशात!’

रिग म्हणजे विहीर खोदायचं यंत्र. आता यातलं एकेक वाक्य घेऊ.

‘जमीन तुमची तर तेलही तुमचं.’ मुळात तसंच असतं, पण इथे खालची खनिजं वरच्या जमिनीपासून वेगळी काढून विकता येतात. आजोबांनी 1940 साली शेत विकताना खनिजं स्वतःकडे ठेवली असतील, तर आज त्यावर उभ्या असलेल्या घराच्या मालकाला मिळते फक्त माती आणि लॉन. नव्या वसाहतींत बिल्डर किंवा त्याच्या आधीचा शेतकरी हेच करतो, खरेदीखतातल्या एका ओळीत. वर टेक्ससमध्ये खनिजाचा हक्क जमिनीच्या हक्कापेक्षा वरचढ मानतात: तेल काढायला लागेल तेवढी जागा खनिजमालकाचा लीजदार, म्हणजे त्याच्याशी करार करून तेल काढणारी कंपनी, वापरू शकते. म्हणजे धूळ, ट्रक आणि आवाज घरमालकाचा, रॉयल्टी, म्हणजे निघालेल्या तेलाच्या पैशातला वाटा, ओक्लाहोमात राहणाऱ्या कुणा नातवाची.

‘शेजारी रिग लागली की चेक.’ खरी गफलत इथे आहे. आता विहिरी सरळ खाली जात नाहीत. आधी हजारो फूट खाली, मग आडव्या, कधी दोन-दोन मैल. खिडकीतून दिसणारी रिग तुमच्याकडे पाठ करून पलीकडच्या गावाखाली घुसलेली असू शकते, आणि तुमच्या घराखालून जाणारी विहीर तुम्हाला न दिसणाऱ्या मैदानातून सुरू झालेली असू शकते. अंतराने काही ठरत नाही. ठरतं ते युनिटच्या रेघेने. कंपनी अनेक मालकांचे तुकडे जोडून युनिट आखते. रेघेच्या आत असाल तर वाटा, बाहेर असाल तर रिगचे दिवे बघा.

रेघेबाहेरच्याचं तेल शेजारच्या विहिरीत वाहून गेलं तर? आपल्याकडे शेजाऱ्याने खोल बोअर मारली की आपली विहीर आटते आणि आपण हात चोळत बसतो. टेक्ससचा तेलाचा कायदा साधारण तोच आहे: ज्याच्या विहिरीतून निघालं, त्याचं. दगड फोडून वायू काढण्याच्या पद्धतीलाही हा नियम लागू होतो, असं टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये गार्झा खटल्यात म्हटलं.

आता रेघेच्या आतल्यांचा हिशोब. पाव एकराचा प्लॉट, 640 एकरांचं युनिट, लीजमध्ये 20 टक्के रॉयल्टी. तुमचा वाटा: बारा हजार आठशेवा भाग. विहिरीतून महिन्याला 10 लाख डॉलरचा वायू निघाला, तर तुमचे 78 डॉलर. डॅलसमध्ये चौघांचं एक जेवण. त्यातूनही लीजच्या शब्दांनुसार वायू दाबण्याचा, शुद्ध करण्याचा, पाइपातून नेण्याचा खर्च कापला जाऊ शकतो. शेकडो एकर असलेल्यांचं आयुष्य बदलतं, हे खरंच, प्लॉटवाल्यांचं नाही.

‘आयुष्यभर.’ शेल नावाच्या घट्ट खडकातल्या विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली येतं. भाव तर त्याहून लहरी: 20 एप्रिल 2020 ला अमेरिकी तेलाचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्याच्या तेलाचा सौदा, पिंपाला उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. आयुष्यभर टिकतं ते लीज. तीन वर्षांची मुदत असली तरी युनिटमध्ये एक विहीर चालू राहिली की लीजही चालू राहतं, आणि मग पुढे भाव कितीही चढोत, चांगल्या अटींवर नवा करार करता येत नाही. शेजारची धामधूम मालकाला बांधूनही टाकते, हे त्या मजकुरात कुठे येत नाही.

‘आपल्याकडे सरकारच्या घशात.’ महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 48: खनिजं राज्य शासनाची. एवढं बरोबर. आणि आपलं मोठं तेलक्षेत्र मुंबई हाय तर समुद्रात आहे, तिथे कुणाचा सातबारा नाही.

मजकुरामागे थोडं तथ्य मात्र आहे: जवळ खोदाई सुरू झाली की हक्कांना भाव येतो. 2008 च्या उन्हाळ्यात फोर्ट वर्थमध्ये लीजवरच्या नुसत्या सहीसाठी एकरी 20 हजार डॉलरच्या वर बोनस बोलले जात होते. वायूचे भाव कोसळले आणि शरद ऋतूत त्याच ऑफर मागे घेतल्या गेल्या. आधी सही करून पैसे घेतलेले सुटले. तेव्हापासून दलालांच्या कामाची रीत ठरलेली: विहीर खोदायचा परवाना निघाला की खनिजमालकाला पत्र, ‘तुमचे हक्क रोखीने विकत घेतो’. पत्र लिहिणाऱ्याने परवाना वाचलेला असतो, मिळणाऱ्याने बहुतेकदा नाही. तो रेलरोड कमिशनच्या वेबसाइटवर फुकट दिसतो. (नाव रेल्वेचं, काम तेलाचं. रेल्वेशी त्यांचा आता काही संबंध नाही.) नकाशावर विहिरीची आडवी रेघ कुठून कुठे जाते तेही दिसतं.

मावसभावाचा मुलगा गेल्या वर्षीच फोर्ट वर्थजवळ घर घेऊन राहायला आलाय. त्याला खरेदीखत बघायला सांगितलं. रात्री फोटो आला: ‘सर्व तेल, वायू व इतर खनिजे वगळून’.