हळदीकुंकवाचं बी फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही

पणजी-फोंड्याकडच्या बागकामाच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, की हळदीकुंकवाचं, म्हणजे फुलपाखरांसाठी लावतात त्या ट्रॉपिकल मिल्कवीड या झाडाचं बी महिनाभर फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय रुजतच नाही. हे चुकीचं आहे. अमेरिकेतल्या बर्फाळ भागात वाढणाऱ्या कॉमन मिल्कवीडच्या बियांना तसा गारठा लागतो, पण ही जात उष्ण प्रदेशातली, हिला ऊब हवी. शेंग तडकली की रेशमी कापूस लागलेलं चपटं तपकिरी बी काढायचं, चवथीनंतर पाऊस ओसरला की पेरायचं, वर मातीचा अगदी पातळ थर, पाणी साचू द्यायचं नाही, साधारण आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात.

आणि या झाडावर मोनार्क फुलपाखरू येतं असंही त्याच मेसेजमध्ये आहे, पण ते आपल्या गोव्यातलं नाहीच. इथे या झाडावर अंडी घालतं ते प्लेन टायगर, त्याच्या अळीला काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या, मोनार्कच्या अळीला दोनच. ती पानं फस्त करते म्हणून प्लीज फवारणी करू नका, त्यासाठीच तर झाड लावलंय ना! चीक मात्र विषारी, डोळ्यात जाऊ देऊ नका. परसात रुई असेल तर तीही राहू द्या, प्लेन टायगरला तीपण चालते.