‘दारुड्याचं कौतुक’ म्हणणाऱ्या वाचकास

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रशियन संगीतकार ग्लाझुनोववरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिता, “राखमानिनोवच्या पहिल्या सिम्फनीचा दारूच्या नशेत बट्ट्याबोळ करणाऱ्या दारुड्याला थोर गुरू म्हणताना काही वाटलं नाही का? आधी वाचा, मग लिहा.” ग्लाझुनोवच्या आठ सिम्फन्या (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) आज कोण वाजवतं, प्रोकोफिएव या नव्या वळणाच्या संगीतकाराचं संगीत ऐकवेना म्हणून तो भर मैफलीतून उठून गेला, आणि माझं एक साल चुकलंय, हेही तुम्ही लिहिलंय.

साल चुकलंय, मान्य. ग्लाझुनोव 1928मध्ये रशियाबाहेर पडला, पण पीटर्सबर्गच्या संगीतशाळेचं, म्हणजे कॉन्झर्व्हेटरीचं, संचालकपद कागदोपत्री 1930पर्यंत त्याच्याकडेच होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण “आधी वाचा” ही काय बोलण्याची रीत झाली? पंचवीस वर्षं हे संगीत ऐकतोय, हाताला लागेल ते वाचतोय. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. समोरासमोर बसलो असतो तर तुमच्या तोंडून हे वाक्य निघालं असतं का?

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो. ग्लाझुनोव प्यायचा, भरपूर प्यायचा. लेखात मी ते लपवलेलं नाही, तिसरा परिच्छेद पुन्हा पाहा. पण मार्च 1897च्या त्या संध्याकाळी, राखमानिनोव या तरुण रशियन संगीतकाराची ती सिम्फनी पीटर्सबर्गमध्ये पहिल्यांदा वाजली तेव्हा, तो वाद्यवृंद चालवायला पिऊन उभा होता, हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता? ही गोष्ट पुढे राखमानिनोवच्या पत्नीने सांगितली. खुद्द राखमानिनोवने त्याच वर्षी मे महिन्यात मित्राला लिहिलेल्या पत्रात चीड आहे, एवढा गुणी माणूस इतकं वाईट कंडक्टिंग कसं करतो याचं नवल आहे, त्याला आतून काही जाणवतच नाही अशी तक्रार आहे. दारूबद्दल शब्द नाही. तालमी अपुऱ्या होत्या. आणि समीक्षक सेझार क्युईने तर खापर रचनेवरच फोडलं होतं. ग्लाझुनोव कंडक्टर म्हणून कच्चा होता म्हणा, मी मान डोलावेन. ‘नशेत’ हा शब्द मात्र इतक्या सहज टाकता येत नाही.

आणि समजा, प्यायलेला होता. मग गुरू नव्हता का?

मी मिरजेत सात वर्षं व्हायोलिन शिकलो. संध्याकाळी सहानंतर माझ्या गुरुजींच्या तोंडाला वास यायचा, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. माझ्या वडिलांचं काम सुटलं त्या वर्षी मी फी न घेता गेलो आणि दारातच उभा राहिलो. गुरुजींनी फीची वही काढली, माझ्या नावापुढे ‘जमा’ लिहिलं, वही मिटली आणि म्हणाले, “गज सरळ धर.” अकरा महिने तो ‘जमा’ पडत राहिला. त्या माणसाला कोणी दारुडा म्हटलं तर मी आजही उठून जातो. तुम्ही कोणाकडे शिकलात, मला माहीत नाही.

म्हणूनच 1919 साल माझ्या डोक्यातून जात नाही. पेट्रोग्राडमध्ये (पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) अन्नान्नदशा, आणि पुढे मोठा संगीतकार झालेला शोस्ताकोविच तेरा वर्षांचा असताना कॉन्झर्व्हेटरीत आलेला. त्या पोराला शिधा मिळावा म्हणून ग्लाझुनोवने वरच्यांकडे रदबदली केली. ते पोर लिहीत होतं ते नवं संगीत ग्लाझुनोवच्या कानाला रुचत नव्हतं, तरीही. त्याआधी 1905मध्ये विद्यार्थ्यांची बाजू घेतली म्हणून तिथल्याच प्राध्यापक रिम्स्की-कोर्साकोवला काढलं, तेव्हा ग्लाझुनोवने राजीनामा दिला होता. वर्षअखेरीस संचालक होऊन परतला आणि पुढे परीक्षांना स्वतः बसून मुलांबद्दल शेरे लिहीत राहिला. थोर म्हणायला मला एवढं पुरतं.

प्रोकोफिएवचं म्हणाल तर तो आवडीनिवडीचा मामला, त्यात मी पडत नाही. सिम्फन्या कोण वाजवतं? ग्लाझुनोवचा 1904चा व्हायोलिन कॉन्चेर्टो (व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना) आजही जगभर वाजतो, तो ऐका.

राखमानिनोवच्या पत्राबद्दल काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा, उत्तर देईन. ‘दारुडा’ हा शब्द पुन्हा आला तर मात्र ती प्रतिक्रिया मी काढून टाकणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.